शाळेला पैसा कुणी दिला?

महाराष्ट्रातल्या जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंती वाचण्यासारख्या असतात. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ वर्गखोली बांधून दिलेली असते, कुणी पाण्याची टाकी, कुणी पंखा. पाचशे एक रुपये देणाऱ्याचंही नाव रंगाने लिहिलेलं असतं. शिक्षकांच्या भाषेत याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. या उठावाचा हिशेब गावात कुणाला वेगळा विचारावा लागत नाही. देणारा कोण, त्याने किती दिलं आणि त्याचं काय झालं, हे येताजाता दिसतं.

इंदापूर तालुक्यातलं कळस हे गाव घ्या. इथल्या मुलांचा पहिला वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेत भरतो आणि घरातल्या कमावत्या माणसांपैकी कुणी ना कुणी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीकडे कामाला जातो. त्या वसाहतीत पियाजिओ ही इटलीची कंपनी 1999 पासून तीनचाकी गाड्या बनवते. फेरेरो ही दुसरी इटालियन कंपनी 2011 पासून तिथे किंडर जॉय आणि टिक टॅक बनवते. श्रायबर डायनॅमिक्स या दुग्धप्रकल्पात श्रायबर या अमेरिकन कंपनीचं भांडवल आहे. अशा कंपन्यांना कायद्यानेच नफ्याचा काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो आणि त्यातला मोठा वाटा देशभर शिक्षणाकडे जातो. शाळेत डिजिटल वर्ग येतो, बाके येतात, स्वच्छतागृह बांधलं जातं. एखादी स्वयंसेवी संस्था येऊन मुलांना इंग्रजी शिकवते. पाचशे एक रुपयांचा मालक भिंतीवर असतो. या लाखांचा मालक कोण, हे पालकाला कुठे वाचायला मिळतं?

परदेशी पैशाविषयी बोलताना आपल्याकडे सूर चटकन वर जातो. कुणाला त्यात धर्मांतर दिसतं, कुणाला हेरगिरी, तर कुणाला निव्वळ उपकार. यातल्या कुठल्याही टोकाला जाण्याआधी हा पैसा शाळेत शिरतो कसा, हे पाहायला हवं.

मराठी शाळेला परदेशी पैसा नवा नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनने मुंबईपासून अहमदनगरपर्यंत शाळा काढल्या. सिंथिया फरार या शिक्षिका 1827 मध्ये भारतात आल्या. त्यांच्या अहमदनगरच्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. म्हणजे 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या जोडप्याच्या घडणीत बोस्टन आणि स्कॉटलंडमधल्या देणगीदारांचा पैसा आहे. हा इतिहास माहीत असलेला कुणीही मराठी माणूस परदेशी पैसा म्हटल्याबरोबर नाक मुरडणार नाही.

पण त्याच इतिहासात दुसरीही गोष्ट आहे. या मिशनचे सविस्तर अहवाल दरवर्षी बोस्टनला जात आणि तिथल्या मासिकात छापले जात. कुठल्या गावात किती मुली आल्या, किती खर्च झाला, किती जण ख्रिस्ती झाले, हे अमेरिकेतल्या देणगीदाराला घरबसल्या कळत होतं. ज्यांची मुलं त्या शाळेत बसत होती, त्यांच्या हाती तो अहवाल पडत नव्हता. हिशेब देणाऱ्याकडे जायचा, घेणाऱ्याकडे नाही. जवळपास दोनशे वर्षांनंतरही व्यवस्थेचा कल तसाच राहिला आहे.

बारामतीला तर या विषयाची स्वतःची आठवण आहे. ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचं मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे काम करत होतं. साठच्या दशकातल्या दुष्काळात चर्चच्या ‘कासा’ या मदतसंस्थेमार्फत आलेल्या धान्यावर या भागात पाझर तलाव खोदले गेले. कामाच्या बदल्यात धान्य, अशी ती योजना होती. त्याच कामाच्या अनुभवातून 1971 मध्ये बारामतीचा कृषी विकास प्रतिष्ठान हा ट्रस्ट उभा राहिला आणि पुढे त्याने शेतीबरोबर शाळा-महाविद्यालयंही उभारली. त्या मदतीची एक गोष्ट महत्त्वाची होती. मजुराला आपण किती माती उचलली आणि पदरात किती गहू पडला, हे ठाऊक होतं. मदत परदेशातली असली तरी तिचं माप गावासमोर होत होतं.

आजचा पैसा इतका डोळ्यांसमोर येत नाही. तो वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा कायदा वेगळा आहे.

पहिली वाट थेट देणगीची. परदेशातली व्यक्ती किंवा संस्था भारतातल्या संस्थेला पैसे देते तेव्हा परकीय अंशदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. पहिला कायदा 1976 चा, आणीबाणीतला. सध्याचा 2010 चा असून तो 1 मे 2011 पासून अमलात आला. अशी देणगी घ्यायची तर संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीने नियम फार कडक झाले. सगळी परदेशी रक्कम आधी नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देण्यावर बंदी आली. ग्रामीण भागातल्या लहान संस्थांना याचा मोठा फटका बसला, कारण त्यांच्यापर्यंत पैसा येत होता तो बहुतेकदा अशा मोठ्या संस्थांमार्फतच. आजवर देशात वीस हजारांहून अधिक संस्थांची एफसीआरए नोंदणी रद्द झाली आहे.

एवढा कडक कायदा असताना पालकाला काय कळतं? आधीच्या नियमानुसार संस्थेला दर तिमाहीत मिळालेली परदेशी देणगी आणि देणगीदाराचा तपशील संकेतस्थळावर टाकावा लागे. जुलै 2022 मध्ये गृह मंत्रालयाने ही तरतूद काढून टाकली. त्याच महिन्यात मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून संस्थांची वार्षिक विवरणपत्रं आणि नोंदणी रद्द झालेल्या संस्थांची यादीही सामान्यांना दिसेनाशी झाली. वर्षाचा लेखापरीक्षित जमाखर्च आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत जाहीर करण्याचं बंधन उरलं आहे. पण त्या जमाखर्चात एकूण आकडे असतात, अमुक गावच्या अमुक शाळेवर किती खर्च झाला हे नसतं. सरकारची नजर तीक्ष्ण झाली आणि नागरिकाची खिडकी लहान झाली. परदेशी पैशाचा धोका खरोखर गंभीर मानायचा असेल, तर ज्यांची मुलं त्या वर्गात बसतात त्यांना सर्वांत आधी माहिती मिळायला हवी. इथे उलटं घडलं, आणि ते चुकीचं आहे.

या कायद्यातली एक बारीक गोष्ट गावोगावच्या लोकांना उपयोगी आहे. गावचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि तो आपल्या कमाईतून जुन्या शाळेला पैसे पाठवतो, तर ती परदेशी देणगी नाही. तोच मुलगा पुढे अमेरिकन नागरिक झाला की त्याने दिलेला रुपया कायद्याने परदेशी ठरतो, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरीही. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था अमेरिकेतल्या मराठी लोकांनी 1978 पासून मायदेशातल्या कामांना मदत करण्यासाठी चालवल्या आहेत. अशा आपुलकीच्या पैशालाही हाच नियम लागतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ‘परदेशातल्या मित्रांकडून इतके लाख’ अशी घोषणा होते, तेव्हा ती रक्कम कुणाच्या खात्यात आणि कुठल्या नोंदणीवर येणार, हे तिथेच विचारून घेतलेलं बरं. नाहीतर भाबडेपणाने संस्था अडचणीत येते.

दुसरी वाट कंपन्यांची. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. याला सगळे ‘सीएसआर’ म्हणतात. मूळ कंपनी इटलीची किंवा अमेरिकेची असली तरी तिच्या भारतीय कंपनीचा सीएसआर आज सहसा परदेशी देणगी मानला जात नाही. याचं कारण शाळेत नसून राजकारणात आहे. वेदांत समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परकीय अंशदानाचा कायदा मोडला, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये दिला. त्यानंतर 2016 च्या वित्त कायद्यात व्याख्याच बदलली. परदेशी भागभांडवल ठरलेल्या मर्यादेत असेल तर ती कंपनी परदेशी स्रोत धरली जाणार नाही, असं ठरलं आणि तेही मागच्या तारखेपासून. पक्षांसाठी केलेल्या बदलाने शाळांचाही हिशेब बदलून गेला.

कंपनीला आपले सीएसआर प्रकल्प संकेतस्थळावर आणि वार्षिक अहवालात दाखवावे लागतात. त्या तक्त्यात राज्य आणि जिल्हा लिहायचा असतो. ‘महाराष्ट्र, पुणे’ एवढं लिहिलं की रकाना भरतो. पुणे जिल्ह्यात डझनभराहून अधिक तालुके आहेत. त्यातल्या कळसच्या पालकाला या रकान्यातून आपली शाळा शोधता येत नाही.

राज्य सरकारने 18 सप्टेंबर 2023 रोजी ‘दत्तक शाळा’ योजनेचा निर्णय काढला, तेव्हा ही वाट आणखी रुंद झाली. देणगीदार पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घेऊ शकतो. ग्रामीण भागासाठी पाच वर्षांना 50 लाख आणि दहा वर्षांना 1 कोटी रुपयांच्या मोलाच्या वस्तू किंवा सेवा द्यायच्या. रोख रक्कम द्यायची नाही. बदल्यात शाळेच्या नावाला देणगीदाराला हवं ते नाव जोडता येतं. योजनेवर मोठी टीका झाली. नाशिक जिल्ह्यात मद्यनिर्मितीशी संबंधित कंपनीला दिलेल्या शाळेच्या आवारात नाचगाण्याचा कार्यक्रम झाल्याचं उदाहरण शरद पवार यांनी जाहीरपणे मांडलं. तिथला प्रश्न पैसा परदेशी होता की देशी, हा नव्हताच. शाळा कुणाला दिली जात आहे, हे पालकांना आधी सांगितलं होतं का आणि त्यांचं मत घेतलं होतं का, हा होता. शाळेच्या नावाला दुसरं नाव जोडण्याआधी पालकसभेचा ठराव सक्तीचा असायला हवा.

तिसरी वाट सर्वांत मोठी आहे आणि तिच्याकडे पालकाचं लक्षच जात नाही. ती आहे कर्जाची. 1994 मध्ये सुरू झालेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम जागतिक बँकेच्या पैशावर उभा होता. महाराष्ट्रात त्याची सुरुवात लातूर, नांदेड, परभणी, उस्मानाबाद, औरंगाबाद अशा मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत झाली. पुढे सर्व शिक्षा अभियानातही जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय आयोगाचा वाटा होता. जून 2020 मध्ये जागतिक बँकेने ‘स्टार्स’ प्रकल्पासाठी 50 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. एकूण 5,718 कोटींच्या या प्रकल्पात बँकेचा भाग सुमारे 3,700 कोटींचा. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आहे.

आता हे कळसच्या पालकाच्या घरापर्यंत कसं येतं, ते पाहा. 2023-24 पासून जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत तिसरी ते आठवीच्या मुलांची नियतकालिक मूल्यांकन चाचणी होऊ लागली. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या छापील प्रश्नपत्रिका राज्याकडून आल्या. मुलगा घरी येऊन म्हणाला, आज ‘पॅट’ होती. ही चाचणी स्टार्स प्रकल्पाखाली सुरू झाली. या कर्जाची रचनाच अशी आहे की ठरलेली उद्दिष्टं गाठली की पुढचा पैसा मोकळा होतो. म्हणजे मुलाने सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेचा धागा वॉशिंग्टनमधल्या करारापर्यंत जातो. यात लपवाछपवी नाही. जागतिक बँक आपले करार आणि आढावे प्रसिद्ध करते. पण ते इंग्रजीत असतात आणि जाडजूड असतात. कर्ज फेडणार आपणच, मग त्याच्या अटी मराठीत दोन पानांवर छापून प्रत्येक शाळेत लावायला शिक्षण विभागाला कसली अडचण आहे? कर्ज आहे म्हणून एफसीआरए लागू नाही, हे कायद्याला पुरेसं असेल. पालकाला ते पुरेसं नाही.

बक्षिसाच्या रूपानेही परदेशी पैसा येतो, आणि ते उदाहरण इंदापूरच्या शेजारचंच आहे. उजनी धरणाच्या पलीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर, तेव्हाचे सुमारे सात कोटी रुपये. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. देणारा माहीत, रक्कम माहीत, कशासाठी दिली तेही माहीत. त्यामुळे सात कोटींच्या परदेशी रकमेची कुणाला भीती वाटली नाही.

पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा मात्र दुसरं चित्र दाखवते. लोकवर्गणी, गावकऱ्यांचे कष्ट आणि कंपन्यांची मदत यांतून तिथे काचेच्या वर्गखोल्यांची देखणी शाळा उभी राहिली. प्रवेशासाठी रांगा लागल्या. मग देणग्यांच्या व्यवहारावरून तक्रारी झाल्या आणि 2021 मध्ये मुख्याध्यापकांना निलंबित करण्यात आलं. त्याच गुरुजींनी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची शाळा गावाला हाताशी धरून उभी केली आणि 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत तिने लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. एका गुणी शिक्षकाची काही वर्षं संशयात गेली. दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लागला असता तर संशयाला एवढी जागा राहिली नसती, असं म्हणायला नक्कीच वाव आहे. हिशेब उघडा ठेवण्याचा पहिला फायदा प्रामाणिक गुरुजींनाच असतो.

जगातही हा प्रश्न ऐरणीवर आहे. अमेरिकेत विद्यापीठांना वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक परदेशी देणगी जाहीर करावी लागते. शाळांना मात्र तसं बंधन नव्हतं. चीन सरकारच्या मदतीने शाळांत चालणाऱ्या ‘कन्फ्यूशियस वर्गां’वरून तिथे वाद पेटला आणि शाळेतल्या परदेशी पैशाची, त्यातून आलेल्या अभ्याससाहित्याची माहिती मागण्याचा हक्क पालकांना देणारी विधेयकं संसदेत आली. भारतातही 2020 मध्ये शिक्षण मंत्रालयाने मुंबई विद्यापीठातल्या कन्फ्यूशियस संस्थेसह अशा करारांचा आढावा घेतला. तो विद्यापीठांचा होता. गावच्या शाळेपर्यंत तो प्रश्न आला नाही.

खरं तर भारतातल्या पालकाला यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. या समितीच्या कामांत एक वाक्य आहे, जे प्रत्येक पालकाने पाठ करावं. सरकार, स्थानिक प्राधिकरण ‘किंवा इतर कोणत्याही स्रोताकडून’ मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणं, हे या समितीचं काम आहे. इतर कोणताही स्रोत म्हणजे बारामतीची कंपनी, पुण्याची संस्था, न्यू जर्सीचा माजी विद्यार्थी, सगळेच. देशी-विदेशी असा भेद कायद्याने इथे केलेला नाही आणि ते योग्यच आहे.

अडचण समितीच्या वापराची आहे. अनेक ठिकाणी सभा कागदावर होते आणि इतिवृत्ताची वही सही घ्यायला घरी पाठवली जाते. ऊसतोडीला किंवा द्राक्षाच्या बागेत गेलेल्या आईला दुपारची सभा गाठता येत नाही. शंभर ते अडीचशे पटाच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाला 50 हजारांचं संयुक्त अनुदान मिळतं आणि त्यातल्या खडू-फडक्याच्या पावतीचीही तपासणी होते. एखाद्या संस्थेने दिलेले दोन लाखांचे संगणक मात्र पैसे शाळेच्या खात्यात न येता थेट वर्गात येतात. रोजकीर्दीत त्यांची नोंद होत नाही, झालीच तर डेडस्टॉकच्या वहीत. समितीने ही वही दर सहा महिन्यांनी पाहावी. वस्तूसोबत करारही मागावा. संस्था मुलांचे फोटो, नावं, चाचण्यांचे गुण बाहेर नेते का, ते कुणाला देते, हेही विचारावं. पैशाइतकीच ही माहितीही मोलाची आहे.

समितीत दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात त्यासाठी अण्णा हजारे यांचं आंदोलन झालं आणि देशाचा कायदा 2005 मध्ये आला. जिल्हा परिषदेची शाळा त्याच्या कक्षेत आहेच. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खाजगी शिक्षणसंस्थाही त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये डीएव्ही महाविद्यालयाच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून आठवीनंतर संस्थेच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही हा मार्ग मोकळा आहे.

येत्या पालकसभेत एवढंच विचारा: गेल्या तीन वर्षांत शाळेला सरकारखेरीज कुणी काय दिलं, कुठल्या करारावर दिलं आणि ते आज कुठे आहे. उत्तर तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्या. ते मिळालं नाही तर इंदापूरच्या पंचायत समितीत शिक्षण विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर मराठीत अर्ज करा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.